भंगारातून चूल बनवत वेल्डिंग शिकताय? आधी लोखंड ओळखा

वेल्डिंग शिकायला भंगारातली चूल हा चांगला सराव आहे. तिच्या सांध्यांवर मोठा भार येत नाही, त्यामुळे पहिले टाके वेडेवाकडे आले तरी चालतं. सुमारे 3 मिमी जाडीचं साधं लोखंड घ्या. पातळ पत्र्याला लगेच भोक पडतं.

चंदेरी जीआय पाइप किंवा पत्रा मात्र टाळा. त्यावर जस्ताचा थर असतो. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं, तर लोखंड वितळायला 1,400 अंशांहून जास्त तापमान लागतं. म्हणजे सांधा जुळण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर होतो. तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येऊ शकतो.

तेलाचा जुना पिंप किंवा गॅस सिलिंडरही कापू नका. आत उरलेल्या वाफेचा, वायूचा स्फोट होऊ शकतो.