आजीचं माहेर किती लांब? इंद्रावतीकाठची सीमा, चालणं आणि आपली साधनं

सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्या दोघातिघांनी गेल्या महिन्यात जवळपास एकच प्रश्न विचारला: "सीमाभागावर काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू?" उत्तराआधी माझी एक चूक सांगतो. ती तुम्ही केली नाहीत तर तुमचे सहा महिने तरी वाचतील.

मी मूळचा सायन्सवाला. एमएस्सी पर्यावरणशास्त्रात, आणि पीएचडी जंगलाच्या इतिहासावर. त्यामुळे पहिल्या वर्षी मी सवयीप्रमाणे जीआयएस उघडलं, भामरागड तालुक्यातली गावं टाकली, इंद्रावतीपलीकडची छत्तीसगडमधली गावं टाकली आणि गावागावांतलं अंतर काढलं. तक्ता झकास झाला. मग फील्डवर गेलो. एका म्हाताऱ्या माडिया आजींचं माहेर नदीपलीकडे होतं. बरोबरच्या मुलाला दुभाषी करून मी विचारलं, "आजी, तुमचं माहेर किती लांब?" त्यांनी उलट मलाच विचारलं, "कोणत्या दिवसांत?"

माझ्या तक्त्यात त्या प्रश्नाला रकानाच नव्हता. उन्हाळ्यात पहाटे निघालं की जेवणवेळेला माहेरी. पावसात जाणंच नाही. दिवाळीनंतर पाणी उतरलं की बघायचं. म्हणजे एकाच दोन गावांमधलं अंतर कधी अर्धा दिवस, तर कधी चार महिने. आजचा लेख या "कोणत्या दिवसांत" विषयी आहे.

आधी जागा समजून घेऊ. गडचिरोली जिल्ह्याचा दक्षिण आणि पूर्व भाग नद्यांनी आखलेला आहे. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडून इंद्रावती येते. भामरागडला तिला पर्लकोटा आणि पामुलगौतम मिळतात, आणि सोमनूरपाशी ती गोदावरीत जाते. इंद्रावतीपलीकडे बस्तर, गोदावरीपलीकडे तेलंगण. दोन्ही काठांवर माडिया आणि गोंड वस्ती. भाषा, कुळं, सोयरिकी नदीपाशी थांबत नाहीत.

नकाशावरची रेषा मात्र थांबते, आणि ती स्वतःही स्थिर राहिलेली नाही. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी ताब्यात घेतलं आणि चांदा त्यांच्याकडे आला. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या काठाचा पट्टा दिला. तिथे सिरोंचा मुख्यालय असलेला अप्पर गोदावरी जिल्हा झाला. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून सिरोंचा चांद्याला जोडलं. १९०७ मध्ये चेर्ला, अलबाका आणि नुगूर हे तीन भाग सिरोंचातून काढून मद्रास इलाख्याला दिले. १९५६ मध्ये चांदा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. पलीकडे २००० मध्ये छत्तीसगड झालं, २०१४ मध्ये तेलंगण.

या तारखा पाठ करू नका. एवढंच बघा, की १९५० मध्ये जन्मलेला माणूस भामरागड सोडून कुठेही गेला नाही तरी तो तीन राज्यांत आणि दोन जिल्ह्यांत राहून झाला. माणूस जागेवरच आहे, फाइल फिरते आहे. आता चेर्ला ते सिरोंचा या एका जुन्या वाटेचा इतिहास लिहायचा तर कागद नागपूरला, चेन्नईला आणि हैदराबादलाही शोधावे लागतात. बस्तरकडची बाजू हवी असेल तर रायपूर-जगदलपूर धरा. सिनॉप्सिसमध्ये "अभ्यासक्षेत्र : गडचिरोली जिल्हा" असं आपण सहज लिहून टाकतो. १९८२ च्या आधी तो जिल्हाच नव्हता.

सीमा लोकांच्या आयुष्यात कशी येते याचं एक उदाहरण घ्या. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके यांनी चांदा भागात इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांचे साथीदार, आर्पल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव, निसटून बस्तरमध्ये गेले. त्या वेळी बस्तर हे राजाचं संस्थान होतं, त्यामुळे इंग्रज फौजेला तिथे सरळ घुसणं अवघड. पण १८६० मध्ये बस्तरच्या राजानेच त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं आणि त्यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जंगल आणि नदीने दीड-दोन वर्षं आसरा दिला, दरबाराने तो काढून घेतला. पायी ओलांडायची सीमा आणि कागदावरची सीमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट दिसतं.

आता मुख्य मुद्दा. या प्रदेशाबद्दल जे लिहिलं गेलं ते कोणी लिहिलं, आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यांत?

ब्रिटिश कारभारात अधिकारी दौऱ्यावर निघायचे ते हिवाळ्यात. नाले उतरलेले, वाटा कोरड्या, ताप कमी. तंबू, पेट्या, स्वयंपाकाचं सामान घेऊन मुक्कामामागून मुक्काम. पावसाळ्यात साहेब मुख्यालयात बसून अहवाल लिहीत. म्हणजे गॅझेटियर, सेटलमेंट रिपोर्ट, जंगल खात्याचे अहवाल यांत आपल्याला जो प्रदेश दिसतो तो मुख्यतः कोरड्या दिवसांतला प्रदेश आहे. सायन्सच्या भाषेत सांगायचं तर सॅम्पल एका ऋतूचं आणि निष्कर्ष बारा महिन्यांचा. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये ग्रामीण विकासावरच्या पुस्तकात तज्ज्ञांच्या याच सवयीवर बोट ठेवलं: बाहेरचे लोक डांबरी रस्त्याच्या कडेने आणि कोरड्या ऋतूत खेडं बघतात, आणि उपासमार व आजार नेमके पावसात असतात.

दुसरी गोष्ट, त्या पेट्या कोण उचलत होतं? गावातले लोक, बहुतेक वेळा वेठीवर. अहवालात साहेब किती मैल चालले ते येतं. डोक्यावर ओझं घेऊन तेवढंच अंतर चाललेला माणूस आलाच तर "इतके मजूर" असा आकड्यात येतो. ही छोटी तक्रार नव्हे. बस्तरमध्ये १९१० च्या भूमकाल उठावामागच्या कारणांत राखीव जंगलांइतकीच वेठबिगारही होती.

तिसरी गोष्ट, चौकट. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन १९२७ ते १९३१ या काळात बस्तरचे प्रशासक होते. त्यांचा माडियांवरचा ग्रंथ १९३८ मध्ये आला आणि आजही तो वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. पण त्याचं नावच "बस्तरचे माडिया गोंड" असं आहे. आमच्या आजींचं माहेर पुस्तकात, सासर पुस्तकाबाहेर.

इथे थोडं लांब जाऊन येऊ, तुलनेने मुद्दा स्पष्ट होईल. स्पेन आणि फ्रान्सच्या मध्ये पिरेनीज पर्वत आहे आणि त्याच्या पश्चिम टोकाला दोन्ही देशांत बास्क लोक राहतात. १६५९ मध्ये दोन राजांनी तह करून हा पर्वत सीमा ठरवला. प्रत्यक्ष रेषा पक्की व्हायला १८५६ नंतरचे बायोनचे तह लागले. पण दोन्हीकडच्या खोऱ्यांनी गुरं चारण्याचे, पाण्याचे आपसातले करार त्याआधी शतकानुशतकं करून ठेवले होते, आणि पुष्कळसे लिहून. बास्क मुलुखाला लागूनच असलेलं फ्रान्समधलं बारेतू खोरं नवारातल्या रोंकाल खोऱ्याला १३७५ च्या निवाड्यानुसार अजूनही दर जुलैत तीन गायी देतं. त्यामुळे तिथल्या संशोधकाला राजाचा कागद आणि गावाचा कागद समोरासमोर ठेवता येतो.

आपल्याकडे गावाचा करार होता, कागद नव्हता. तो सोयरिकीत होता, आठवडी बाजारात होता. डोंगरातली माणसं मोह, चारोळी, चिंच घेऊन खाली यायची आणि मीठ घेऊन परत चढायची. तो नदीच्या उतारात होता, म्हणजे कुठल्या महिन्यात कुठे कमरेएवढं पाणी असतं आणि कुठे डोंगा लागतो या माहितीत. ही माहिती चालणाऱ्यांकडे आहे. म्हणून आपल्यासाठी चालणं हा फील्डवर्कचा त्रास नाही, ते साधन आहे.

पण लगेच भारावून जाऊ नका. "आदिवासी निसर्गाच्या कुशीत चालतात" छाप वाक्य लिहाल तर गाइड खोडतील, आणि बरोबर करतील. १९७३ च्या डिसेंबरमध्ये बाबा आमटे यांनी हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा लोक आजारी माणसाला खांद्यावर घेऊन जंगलातून दवाखान्यात आणत. आजही पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि बाळंतीण खाटेवर घालून नाला ओलांडल्याच्या बातम्या येतात. चालण्याचा इतिहास हा रस्ता न मिळाल्याचाही इतिहास आहे.

मग करायचं काय? माझ्यापुरतं मी हे केलं. वाचलेल्या प्रत्येक नोंदीपुढे "महिना" असा रकाना वाढवला. जून ते ऑक्टोबरचे रकाने किती रिकामे आहेत ते बघितल्यावर कुठे विचारायचं आहे ते आपोआप कळतं. ओझं वाहणाऱ्यांचा उल्लेख जिथे येईल तिथे वेगळी खूण केली. अभ्यासक्षेत्र जिल्ह्याऐवजी वाटेने ठरवलं. आणि अंतर विचारताना ऋतू विचारायला शिकलो. तीच दोन गावं, पण तक्त्यात आता अंतराच्या तीन ओळी आहेत.

"तोंडी माहितीला पुरावा कोण मानेल?" ही भीती मलाही होती. म्हणून शेवटचं एक सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या २००८ च्या नियमांत, दाव्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदनही आहे. ज्यावर जमीन आणि जंगलाचे हक्क ठरतात तिथे आजींचा शब्द चालतो. आपल्या प्रबंधात तो तळटीपेत का?

आजींना मी पुन्हा भेटलो तो जानेवारीत. या वेळी मी अंतर विचारलं नाही, "पाणी उतरलं का?" एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, उतरलं, पण आता गुडघे चढत नाहीत. तेवढा एक रकाना माझ्या तक्त्यात अजून भरायचा आहे.