गाळणी कुठे बसवावी

* घटनांची गाळणी : पनवेलला २०२० साली सुरू झालेल्या योट्टाच्या एनएम-१ सारख्या डेटा सेंटरमध्ये एखादा सर्व्हर अचानक मंदावला, तर कारण शोधायला कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, घटना नोंदवाव्या लागतात : फाइल वाचली, पॅकेट आले, प्रोसेस बदलली. व्यस्त यंत्रात अशा घटना सेकंदाला लाखोंनी घडू शकतात. सगळ्या नोंदवून मागाहून चाळल्या तर नोंदींचाच भार पडतो आणि जे मोजायचे तेच बिघडते. म्हणून कोणती नोंद ठेवायची याची अट कर्नलच्या आतच तपासतात. लिनक्सच्या एफट्रेस या नोंदणी-साधनात ही सोय २००९ मध्ये आली. परंतु नोंद आधी मुख्य बफरमध्ये जागा अडवी, आणि अट न जुळल्यास रद्द करावी लागे. २०१६ पासून ती प्रथम सीपीयूच्या तात्पुरत्या जागेत लिहिली जाते व अट जुळली तरच मुख्य बफरमध्ये उतरते. जुळलेल्या नोंदीची एक जादा नक्कल होते, हे खरे. पण बहुतेक नोंदी गळणाऱ्याच असतात, म्हणून माझ्या मते हा सौदा अत्यंत शहाणपणाचा आहे. अशा नोंदींचे तक्ते वाचताना अट कुठे तपासली आहे, हे वाचकांनी आधी पाहावे. — संपा.