तानसेकाठची ऊन पाण्याची कुंडे

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी ही तीन स्थाने वसली आहेत. दूरगावचा भाविक येथे येतो तो आधी ऊन पाण्याच्या कुंडात स्नान करतो आणि मग देवीच्या पायऱ्या चढतो. देऊळ आणि पाणी यांची येथे पिढ्यान्‌पिढ्या जोडी आहे. म्हणून एकाचा इतिहास सांगताना दुसऱ्याचाही सांगावा लागतो.

वज्रेश्वरीचे मूळ स्थान गुंज येथे होते व ते पोर्तुगीजांच्या अमलात उद्ध्वस्त झाले, असे परंपरा सांगते. पुढे थोरल्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांनी वसईची मोहीम हाती घेतली. किल्ला हाती आल्यास देवीचे देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी केल्याची आख्यायिका आहे. १७३९ च्या मे महिन्यात वसई सर झाली आणि सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या देखरेखीखाली आजच्या टेकडीवर देऊळ उभे राहिले. गणेशपुरीस भगवान नित्यानंद १९३६ साली वास्तव्यास आले व १९६१ साली तेथेच समाधिस्थ झाले. त्यानंतर या कुंडांची कीर्ती परप्रांतीही पोहोचली.

देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे ऊन पाणी, अशी लोककथा आहे. शास्त्र सांगते ते याहून कमी अद्‌भुत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, पालघरपासून राजापूरपर्यंत, अशा झऱ्यांची दक्षिणोत्तर ओळच आहे. खेडजवळील उन्हवरे येथील पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअस इतके तापलेले असते. येथील काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा असला, तरी ती धग केव्हाच निवाली. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते. जमिनीत दर किलोमीटरला साधारणपणे २५ ते ३० अंश उष्णता वाढत जाते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगांच्या वाटेने पुन्हा वर येते. म्हणजे कुंडातले पाणी हे जुन्या पावसाचेच दान होय.

परंतु हे दान सर्वांना सारखे मिळत नव्हते, हेही इतिहासात नमूद असले पाहिजे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य गणलेल्यांस खुले करावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या १५ व्या कलमाने विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांवर जातिभेदाने मज्जाव करण्यास बंदी घातली. देवाच्या दारचे पाणी सर्वांचे, ही गोष्ट इतक्या कष्टाने मिळाली आहे.

आता राखण्याची जबाबदारी गावकऱ्यांची. देऊळ जीर्ण झाले तर वर्गणी गोळा होते, दानशूर पुढे येतात, कळस पुन्हा चढतो. झऱ्याची भेग बुजली तर ती कोणत्याही देणगीने उघडत नाही. म्हणून कुंडाच्या तळाशी सिमेंट ओतू नये, जवळपास खोल बोअर मारताना जाणकारांचा सल्ला घ्यावा, साबण व निर्माल्य पाण्यात टाकू नये. ऊन पाण्याने अंग हलके होते, परंतु हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी वैद्याला विचारूनच उतरावे आणि कोणीही चालू औषधोपचार सोडू नये.

चिमाजी अप्पांनी बांधविले ते देऊळ. पाणी त्याच्याही आधीपासून वाहत होते. जीर्णोद्धाराचे पुण्य शिखरावर जितके आहे, तितकेच ते कुंडाच्या काठावर आहे. पुढल्या पिढीच्या हाती दोन्ही शाबूत पडोत, हीच देवीचरणी प्रार्थना.