आधी हवा, मग पाणी

घरातल्या माशांच्या टाकीला कॅनिस्टर फिल्टर बसवणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी एक कोडे पडते. पंप नवा आहे, वीज आहे, नळ्या नीट जोडल्या आहेत, टाकीही काठोकाठ भरलेली आहे. बटण दाबले की डब्यात काहीतरी घरघरते, पण पाणी हलत नाही. दुकानदाराला फोन केला तर तो दोनच शब्द सांगतो, ‘हवा काढा.’

शेतात विहिरीवर मोटार चालवलेल्याला याचे नवल वाटणार नाही. मोटारीने हवा धरली की तिच्यात पाणी ओतून ती भरावी लागते, हे त्याला पक्के ठाऊक असते. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह बसवतात, गावाकडे त्यालाच ‘फुटबॉल’ म्हणतात, तो याचसाठी. मोटार थांबली तरी पाइपातले पाणी खाली उतरून जाऊ नये आणि त्या जागी हवा शिरू नये.

पाणी चालू करण्यापूर्वी हवा काढावी लागते, ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून माहीत होती. ती का काढावी लागते, हे मात्र त्याला अलीकडे कळले. या दोहोंच्या मध्ये जवळपास दोन हजार वर्षे आहेत. त्या काळाचा हिशेब आपण बहुधा चुकीचा मांडतो, म्हणून हा लेख.

आधी डबा समजून घेऊ. कॅनिस्टर फिल्टर टाकीच्या खाली, कपाटात ठेवतात. टाकीतून निघालेली नळी काठावर चढते, वळसा घेऊन खाली डब्यात उतरते. डब्यातून दुसरी नळी वर येऊन पुन्हा टाकीत जाते. म्हणजे काठावर नळीचा उलटा ‘यू’ तयार होतो, आणि काठाखाली डब्यासकट सुलटा ‘यू’. वरच्या भागाला सायफन म्हणतात, खालच्याला उलटा सायफन. नावे सारखी असली तरी दोघांचा स्वभाव वेगळा आहे आणि इतिहासही वेगळा आहे.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात इसवी सनाच्या पहिल्या शतकात हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. त्याने हवा आणि पाण्याच्या करामतींवर ग्रंथ लिहिला. वाकड्या नळीचे एक टोक पाण्यात बुडवा, दुसऱ्या, खाली लोंबणाऱ्या टोकाने तोंड लावून हवा ओढून घ्या, की पाणी काठ ओलांडून वाहू लागते, हे त्यात आहे. आजही टाकी साफ करताना लोक हेच करतात. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, बायझंटियमच्या फिलोने याच विषयावर लिहिले होते. फिलोचा हा ग्रंथ आज आपल्याला वाचता येतो तो मुख्यतः अरबी भाषांतरामुळे.

ही भाषांतरे होत होती त्या काळात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ काम करत होते. इतिहास त्यांना बनू मूसा, म्हणजे मूसाचे मुलगे, या नावाने ओळखतो. वडील वारल्यावर ते खलिफा मामूनच्या देखरेखीखाली वाढले. इसवी सन ८५० च्या सुमारास त्यांनी ‘किताब अल-हियल’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात सुमारे शंभर उपकरणांची रचना सांगितली आहे. काही सुरया अशा की ओतणे मध्येच थांबवले तर पुन्हा चालूच होत नाहीत. काही भांड्यांत सायफन असा दडवलेला की पाण्याची पातळी वळणाच्या वर गेली की तो आपोआप सुरू व्हावा. तोंडाने ओढायलाही नको. पुढे १२०६ मध्ये दियारबक्रच्या अर्तुकी दरबारात अल-जझरीने आपला यंत्रग्रंथ पूर्ण केला. त्यातल्या एका पंपाला दोन सिलिंडर होते आणि पाणी वर ओढणाऱ्या नळ्याही होत्या.

या इतिहासाची आपल्याकडे दोन प्रकारे नासाडी होते. पहिला प्रकार शाळेच्या पुस्तकांतला. ग्रीकांवरून उडी मारली की थेट युरोप, मधली हजार वर्षे जणू कोणी पाण्याला हातच लावला नव्हता. दुसरा प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवरचा आणि सभांमधला. सगळे काही आमच्याच पूर्वजांनी आधी शोधले होते, बाकीच्यांनी ते चोरले. या दुसऱ्या प्रकारात मुस्लीम वक्तेही मागे नाहीत आणि इतर धर्मांचेही नाहीत. बनू मूसा बंधूंना ही दोन्ही माणसे ओळखू आली नसती. ते ग्रीकांकडून शिकले, शिकल्याचे त्यांनी लपवले नाही, आणि शिकलेल्यात भर घातली. आणि हवा का काढावी लागते, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. ‘निसर्गाला पोकळी खपत नाही’ या जुन्या समजुतीवर सगळ्यांचे काम भागत होते. ते थांबले इटलीतल्या एका टेकडीपाशी.

१६३० मध्ये जिनोव्हाच्या जोव्हानी बाल्यानीने गॅलिलिओला पत्र लिहिले. पाणी सुमारे वीस मीटर उंच टेकडीवरून सायफनने पलीकडे न्यायचे होते. नळी पूर्ण भरली, हवा राहू दिली नाही, तरी तोंडे उघडताच पाणी पलीकडे जाण्याऐवजी दोन्ही बाजूंना खाली उतरले. असे का? गॅलिलिओने उत्तर दिले ते दोराच्या उपमेने. फार लांब दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा उंच स्तंभही तुटतो. उत्तर हुशारीचे होते, पण बरोबर नव्हते. बरोबर उत्तर त्याच्या मृत्यूनंतर १६४४ मध्ये टॉरिचेलीने दिले. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. त्या हवेला वजन आहे, आणि तेच वजन पाण्याला नळीत वर ढकलते. हा जोर पाण्याला समुद्रसपाटीवर सुमारे दहा मीटरपर्यंतच चढवू शकतो. जड पाऱ्याला तर फक्त ७६ सेंटिमीटर. बाल्यानीची टेकडी त्याच्या दुप्पट होती, तिथे सायफन चालणे शक्यच नव्हते. हेरॉनला, बनू मूसांना, जझरीला ‘कसे’ माहीत होते. ‘का’ हे टॉरिचेलीने सांगितले. एकाचे श्रेय दुसऱ्याला देण्याने कोणाचाही मान वाढत नाही.

आता उलट्या सायफनकडे वळू. त्यासाठी इटलीहून दख्खनेत यावे लागते. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की बहुतेकांनी पाहिलेली असते. शहराच्या उत्तरेच्या डोंगरातून काही किलोमीटर अंतरावरून जमिनीखालच्या नळाने पाणी येते. दर्ग्याजवळच्या उंच भिंतीत ते वर चढते आणि धबधब्यासारखे हौदात कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरत असे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहीतल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण निघत असे. पाणी भिंतीवर चढताना पाहून काहींना ती बुजुर्गांची करामत वाटते, काही जण ‘सायफन’ म्हणून मोकळे होतात. खरे तर इथे हवेच्या दाबाचे काम नाही. डोंगरातला उगम भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच आहे, मधला नळ सखल भागातून जातो, आणि पाणी आपली पातळी शोधत पुन्हा वर येते. हाच सुलटा ‘यू’.

याला तोंडाने ओढावे लागत नाही, पण हवेशी गाठ इथेही आहेच. लांब नळात जागोजागी हवा अडकते आणि पाण्याची वाट रोखते. म्हणून मध्ये मध्ये तिला बाहेर पडायला तोंडे ठेवावी लागतात. पुण्यात पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून आणलेल्या नळावर अशी बांधकामे आहेत, त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. विजापूरला आदिलशाहीतल्या नळांवर दाब कमी करण्यासाठी मनोरे उभारले, ते ‘गंज’. आणि ज्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, त्या हबशी वजिराची नहर-ए-अंबरी तर याच डोंगरांतले पाणी उताराच्या जोरावर शहरभर फिरवत होती. निजामशाही, आदिलशाही, पेशवाई अशी राज्ये बदलली, पण नळाला श्वास घेऊ द्यावा लागतो हे सगळ्यांच्या गवंड्यांना सारखेच कळत होते. त्या गवंड्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

घरगुती मत्स्यालय त्यामानाने कालचे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे. टाकीबाहेर बंद डबा ठेवून पाणी गाळण्याची पद्धत जर्मनीतल्या एहाइमसारख्या कंपन्यांनी १९६० च्या दशकानंतर घरोघरी नेली. पण त्या डब्यातला पंप विहिरीवरच्या मोटारीचाच धाकटा भाऊ. चुंबकाने फिरणारी छोटी चक्री पाण्याला बाहेर फेकते. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी, त्यामुळे चक्रीत हवा असेल तर फेकायला काहीच सापडत नाही आणि मागचे पाणीही ओढले जात नाही.

म्हणून क्रम असा. डबा टाकीच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवावा. नळ्यांना पीळ पडू देऊ नये. दोन्ही झडपा उघडाव्यात. वीज अजून लावू नये. मग प्रायमिंगचे बटण काही वेळा दाबावे. ते नसेल तर बाहेर येणाऱ्या नळीतून हवा ओढून घ्यावी. काठ ओलांडला की पाणी आपल्या वजनाने डब्यात उतरते. इथपर्यंत हेरॉनचे काम. मग डबा खालून भरत जातो, दुसऱ्या नळीतून हवेचे बुडबुडे निघतात आणि पाणी टाकीच्या पातळीपर्यंत चढते. हे पाणचक्कीचे काम. गुडगुड थांबली की वीज लावावी. राहिलेली हवा डबा हलकेच कलता करून सोडवावी. कोरडा पंप चालवत राहिल्यास चक्रीची काडी झिजते, कारण तिला थंड ठेवणारे आणि वंगणाचे काम करणारे पाणीच तिथे नसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे काम नंतरचे. स्पंज आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढतात, तेच माशांच्या मलमूत्रातले विष निवळतात. ते साहित्य नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धुतले तर हे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच ते विसळायचे, अधूनमधून, न चुकता.

नहर-ए-अंबरीबद्दल बोलताना आपण मलिक अंबरच्या बुद्धीचे कौतुक करतो आणि थांबतो. तीनशे वर्षांहून अधिक काळ ते पाणी वाहिले, कारण कोणीतरी दरवर्षी गाळ काढत होते आणि हवेची तोंडे मोकळी ठेवत होते. तोंडांवर बांधकामे झाली, गाळ साचला, आणि नहरी एकेक करून मुक्या झाल्या. त्यासाठी कोणी शत्रू लागला नाही. पूर्वजांचा अभिमान बाळगायला काही खर्च येत नाही. त्यांनी बांधलेला नळ साफ ठेवायला येतो. त्यातले काय आपण केले, यावरून त्या वारशावर आपला हक्क किती, हे ठरते.