उंदरांना गुण आला, म्हणजे औषध आले का?

पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपाने बराच आराम पडतो. पीएसपी आणि एमएसए हे आजार त्याच्यासारखेच दिसतात, पण त्यांत हा आराम थोडा किंवा तात्पुरता असतो. कारण डोपामिन बनवणाऱ्या पेशींबरोबर त्याचा संदेश घेणाऱ्या पेशीही खराब होतात.

या आजारांच्या अभ्यासासाठी उंदरांच्या जनुकांत बदल करतात. पीएसपीसाठी मानवी टाऊ, तर एमएसएसाठी मानवी अल्फा-सायन्युक्लिन हे प्रथिन त्यांच्या मेंदूत तयार होते. पण उंदीर जेमतेम दोन-तीन वर्षे जगतो. माणसाला हा आजार बहुधा पन्नाशी-साठीत होतो. टाऊविरोधी औषधे प्राण्यांत आशादायक वाटली, तरी गोसुरानेमॅब आणि टिलाव्होनेमॅब 2019 मध्ये पीएसपी रुग्णांवरील चाचण्यांत अपयशी ठरली.

म्हणून नव्या औषधाची बातमी वाचून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. ‘माणसांवर चाचणी झाली आहे का?’ हे आधी डॉक्टरांना विचारा.