विद्यापीठ जवळ येत गेले

या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बरेच जण लिहितील. मी शाळा सुटल्यानंतरच्या वाटेविषयी लिहिते आहे. मार्कंडा, चामोर्शी आणि आसपासच्या गावांतून बारावी झालेल्या मुलामुलींना पदवी देणारे विद्यापीठ कुठे होते, ते कसे जवळ येत गेले आणि ते कोणाकोणाचे मिळून बनले आहे, याचा हा थोडक्यात इतिहास.

सुरुवात पार कलकत्त्यापासून होते. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले, तेव्हा ती कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली होती. पुढे ती अलाहाबाद विद्यापीठाकडे गेली. म्हणजे त्या काळी चांदा जिल्ह्यातला एखादा मुलगा नागपूरला पोहोचला, तरी त्याची पदवी आणखी शेकडो कोस लांबून यायची. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सुरुवातीला त्यात सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी होते. आज एखाद्या मोठ्या शाळेचा पट याहून जास्त असतो.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये आपल्या भागात येऊ लागली. वरोऱ्याच्या आनंदवनात, कुष्ठरुग्णांनी उभ्या केलेल्या वसाहतीत, बाबा आमट्यांच्या पुढाकाराने १९६४ साली आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. समाजाने ज्यांना गावाबाहेर काढले, त्यांनी गावातल्या मुलांसाठी कॉलेज उभारले. आपल्या भागातल्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट मला दिसत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली आणि चामोर्शी इथेही महाविद्यालये झाली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. विद्यापीठ मात्र नागपूरलाच राहिले. माझ्या अभियांत्रिकीच्या पदवीवरही नागपूर विद्यापीठाचेच नाव आहे. आमच्या वेळी एखाद्या कागदासाठी विद्यापीठात जायचे म्हणजे पहाटेची एसटी धरायची आणि रात्री परतायचे. मार्कंड्याहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. सिरोंचा, भामरागडच्या मुलांचे हाल तर विचारूच नका.

२७ सप्टेंबर २०११ रोजी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. मुख्यालय गडचिरोलीला आणि कार्यक्षेत्र चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे. मार्कंड्याच्या घाटावर उभे राहिले की हे कार्यक्षेत्र डोळ्यांसमोर येते. वैनगंगेचा एक तीर गडचिरोलीचा, दुसरा चंद्रपूरचा. एरवी दक्षिणेकडे वाहणारी नदी इथे उत्तरवाहिनी होते, म्हणून महाशिवरात्रीला दोन्ही तीरांवरची माणसे इथे येतात. आता तीच माणसे एका विद्यापीठाची झाली.

नावाविषयीही सांगायला हवे. एदुआर्द स्यूस या ऑस्ट्रियन भूगर्भशास्त्रज्ञाने १८८५ साली प्राचीन महाखंडाला ‘गोंडवाना’ हे नाव दिले. गोंडांच्या प्रदेशावरून आलेला हा शब्द जगभरातल्या विद्यापीठांत शिकवला जाऊ लागला. पण ज्यांच्यावरून हे नाव आले, त्यांच्या भूमीत स्वतःचे विद्यापीठ व्हायला त्यानंतर १२६ वर्षे लागली.

आता मुख्य प्रश्न. विद्यापीठ म्हणजे कोण? कुलगुरू, इमारत आणि परीक्षा विभाग, एवढेच आपल्याला पटकन आठवते. पण आपल्या विद्यापीठातली माणसे मोजायला लागले की यादी लांबत जाते.

पहिले अर्थात विद्यार्थी. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आहे. वर्गात एका बाकावर घरी गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलगी, सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी, कोरची-कुरखेड्याकडची छत्तीसगढी बोलणारी आणि झाडीबोलीत हसणारी मैत्रीण बसू शकते. चामोर्शी-मुलचेरा भागात १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची बंगाली गावे आहेत. तिथली मुलेही याच वर्गात असतात. यांतल्या कित्येकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच.

दुसरे, या मुलांना टिकवून ठेवणारे. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक, परीक्षेचा अर्ज राहिलेल्या मुलाला निरोप धाडणारे कार्यालयातले बाबू, प्रयोगशाळा सांभाळणारे परिचर, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी परीक्षेला निघालेल्या मुलीचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून जे धडपडतात, ते सगळे विद्यापीठच आहेत.

तिसरे लोक आपण सहसा मोजत नाही. विद्यापीठ होण्याच्या कितीतरी आधीपासून या जंगलात ज्ञान तयार होत होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवला. कायदा वाचायचा, त्यावर चर्चा करायची आणि सर्वांच्या सहमतीने ठरवायचे, ही त्यांची रीत. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात तो मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आहे. अभय व राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’चे काम सुरू केले. त्यांनी गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. या बायकांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, नोंदी ठेवल्या आणि बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे संशोधन छापून आले. पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. संशोधन आणखी वेगळे काय असते?

गोंडवाना विद्यापीठाने ही परंपरा ओळखली, याचे समाधान वाटते. ग्रामसभांच्या सदस्यांना प्रशिक्षण देण्याचे काम विद्यापीठाने हाती घेतले. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमात जांभळीसारख्या गावातच पदवीचे वर्ग भरवले. दिवसभर शेतात राबलेली, शाळा अर्धवट सुटलेली माणसे त्यात शिकायला बसली. कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, गडचिरोली आणि आता जांभळी. सव्वाशेहून अधिक वर्षांत विद्यापीठ असे पावलापावलाने आपल्याकडे आले.

पण जवळ आले म्हणजे काम संपले असे नाही. बारावीनंतर शिक्षण सोडणारी मुलगी अंतरामुळे जशी थांबते, तशी ‘पुढे काय’ हे सांगणारे घरात कोणी नसल्यामुळेही थांबते. आणि इथेच चौथा गट येतो, तो म्हणजे आपण, पदवीधर. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी जागा राखीव आहेत. अर्थसंकल्पावर बोलण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार अधिसभेला आहे. वसतिगृह, परीक्षा केंद्र, पुनर्मूल्यांकन हे विषय तिथे मांडता येतात. पण नोंदणीच केली नाही, तर मत देता येत नाही आणि आपल्या भागाची अडचण दुसऱ्याच कोणाच्या तोंडून मांडली जाते, किंवा मांडलीच जात नाही.

म्हणून या मेळाव्यानिमित्त दोन विनंत्या. आपल्यापैकी जे पात्र आहेत आणि इथे राहतात, त्यांनी पदवीधर म्हणून नाव नोंदवावे. आणि जे माझ्यासारखे बाहेरगावी आहेत, त्यांनी शाळेतल्या बारावीच्या निदान एका मुलीची किंवा मुलाची पदवी हाती येईपर्यंत चौकशी करत राहावी. अर्ज कधी भरायचा, शिष्यवृत्ती कुठली, वसतिगृह कुठे, नापास झाले तर पुढे काय, एवढे सांगणारा एक फोनही पुरतो. आपल्या वेळी गुरुजींनी हे आपल्यापैकी अनेकांसाठी केले होते. तेव्हा विद्यापीठ नागपूरला होते, तरी त्याचे एक माणूस आपल्या शाळेत होतेच.