धसईच्या बाजारातून दिसणारा औद्योगिक महाराष्ट्र

महाराष्ट्राचा औद्योगिक इतिहास सांगताना आपण बहुधा ताडदेवपासून प्रारंभ करतो. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाच्या व्यापाराने मुंबईत पैसा खेळू लागला, गिरण्या वाढल्या आणि पुढे १९८२ च्या संपानंतर त्या विझत गेल्या. हा क्रम चुकीचा नाही, परंतु तो गिरणीच्या भोंग्याजवळ उभे राहून लिहिलेला आहे. मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या बाजाराच्या गावी उभे राहून तोच इतिहास वाचला तर काय दिसते, हे आम्हांला येथे पाहायचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा मुलूख व्यापारापासून कधीच अलिप्त नव्हता. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारी सातवाहनकालीन वाट याच तालुक्यातून नाणेघाट चढत असे आणि घाटातील लेण्यात त्या राजकुलाचा लेख आजही आहे. म्हणजे येथील मागासलेपण सनातन नाही, ते घडले आहे. १८६५ मध्ये लोहमार्ग शहापूर तालुक्यातून थळघाट चढून गेला, तेव्हा मालाची मुख्य वाहतूक कसाऱ्याच्या बाजूने वाहू लागली. मुरबाडला रेल्वे आलीच नाही आणि जुन्या घाटवाटा आडवाटा ठरल्या.

यानंतर या भागाचे उद्योगाशी जे नाते जडले, ते मुख्यतः पाण्याचे. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी मुंबईला मिळू लागले. नंतर त्यात मोडकसागर आणि भातसाची भर पडली. १९६० मध्ये राज्य स्थापन झाले, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि ठाणे जिल्ह्याचा मुंबईलगतचा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. त्या पट्ट्याची तहान भागविणारे, महामंडळाच्याच मालकीचे बारवी धरण १९७२ मध्ये झाले. त्याचा जलाशय मुरबाड तालुक्यात पसरला आहे. पुढे धरणाची उंची वाढविण्यात आली, तेव्हा आणखी काही गावपाड्यांना हलावे लागले. दुसरीकडे, मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. इतकी उघड विसंगती असूनही ती आपल्या औद्योगिक इतिहासात तळटीप म्हणूनसुद्धा क्वचितच येते.

पाण्यापाठोपाठ माणसे गेली. कातकरी हे नावच मुळी काताच्या धंद्यावरून पडले आहे. ब्रिटिश काळातील वनकायद्यांनी जंगलावरील हक्क आकुंचित केले, कात पाडण्याचा धंदा मोडला आणि त्याच समाजातील कुटुंबे पुढे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर राबू लागली. शहरे वाढली ती या विटांनी.

आता आर्थिक पुनरुज्जीवनाकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या सावरल्या नाहीत. उपाय म्हणून जमिनीकडे पाहिले गेले. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक घरबांधणीसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. पुनरुज्जीवन झाले, पण ते भूखंडाचे.

धसईच्या वाट्याला अशाच वरून आलेल्या उपायाचा एक प्रयोग आला. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी हे गाव राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून घोषित झाले. दुकानांत कार्डाची यंत्रे आली, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली. पुढे बाजार पुन्हा रोखीकडे वळल्याच्याही बातम्या आल्या. त्यात ग्रामस्थांचे अज्ञान शोधणे सोपे आहे. आम्हांला मात्र प्रश्न वेगळाच वाटतो. ज्या गावातील मजुराच्या हाती पुरेसा पैसाच येत नाही, तेथे पैशाचे रूप बदलून काय साधणार?

याच्या उलट, राज्याने स्वतःच घडविलेले एक उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना व्यापक झाली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. तिच्या खर्चासाठी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. शहराने खेड्याचे देणे मान्य केल्याचा तो दुर्मीळ क्षण होता. अंमलबजावणीत उणिवा होत्या, तरी काम मागणे हा तेथे हक्क होता, मेहेरबानी नव्हे. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यापुढे हाच आदर्श होता.

साहित्याच्या अभ्यासकांना यात स्वारस्य असावे ते एवढ्यासाठी. नारायण सुर्वे यांच्या कवितेने आणि जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने गिरणगावाला मराठीत कायमची जागा मिळवून दिली. गिरणगावाच्या नळाला येणारे पाणी जेथून निघाले, त्या डोंगरपट्ट्याचे कथन तितके ठसठशीत झालेले नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून आणखी एक वेगवान वाट गेली. ती वाट या मुलखातून जाते की या मुलखाकडे येते, हा भेद ओळखल्यावाचून महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास पुरा होणार नाही, असे आम्हांला वाटते.